बिननावाचा होल सॉ स्वस्त पडतो का?

बरेच जण विचारतात, दुकान नवीन आहे तर स्वस्त माल ठेवू का? उत्तराआधी माझी चूक ऐका.

दाराला कुलूप बसवताना सुतार ड्रिलला लावून गोल भोक पाडतो तो होल सॉ. त्याचे सेट मी एकदा फार स्वस्तात आणले. डब्यावर ना कंपनी, ना पत्ता. बिलही नाही. हिवरखेडात एक सोडून सगळे विकले गेले, मी खुश! मग आमचे नेहमीचे सुतारकाका आले, मनगटाला पट्टी. म्हणाले, "भाऊ, दात पाहा याचे." सागाच्या दारात होल सॉ अडकला, ड्रिल मात्र फिरत राहिलं अन् हात पिरगळला.

उरलेला सेट उघडला. दात वरखाली, मधला पायलट बिट हलतोय. असा होल सॉ डगमगत चालतो, लाकूड जाळतो, भोक मापापेक्षा मोठं करतो आणि एखाद्या क्षणी लाकडात रुततो.

पण सगळा दोष मालाचा नव्हता बरं का. विकताना मी काहीच सांगितलं नव्हतं. होल सॉ जितका मोठा, तितका वेग कमी. फळी क्लॅम्पनं घट्ट, ड्रिलला साइड हँडल, डोळ्याला चष्मा, हातात मोजे नकोत. पायलट बिट मागून निघाला की थांबून उलट्या बाजूनं कापायचं, म्हणजे प्लायची कड फुटत नाही. आणि कपाटाच्या ३५ मिमी बिजागरीसाठी होल सॉ मागितला तर देऊ नका. तिथे आरपार भोक नको, सपाट तळाचा खड्डा लागतो.

आता धंद्याची गोष्ट. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधल्या, २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या तरतुदींनुसार सदोष वस्तूनं इजा झाली तर भरपाई मागता येते. माल कोणी बनवला हेच कळत नसेल, तर ती जबाबदारी विकणाऱ्या दुकानदारावर येऊ शकते. सोबतचा इशारा गिऱ्हाइकाला दिला नाही, तरीही.

आता नवीन सेट आला की एक डबा फोडतो, होल सॉ ड्रिलला लावून हळू रिकामा फिरवतो. डगमगला की सगळा माल परत. तेव्हा मात्र बिलच नव्हतं, परत कुणाला करणार? काकांना पैसे दिले, त्यांनी घेतलेही. पुढचे तीन महिने खिळे मात्र ते दुसऱ्या दुकानातून नेत होते.