विंचू, हृदय आणि शेजाऱ्याची गोळी



भिवंडी तालुक्यातील दिघाशी हे आमच्या सोयऱ्यांचे गाव. तिथे भाताच्या पेंढ्यात हात घालण्यापूर्वी माणसे काठी आपटतात. आपल्याकडे पाचट गोळा करताना किती जण आपटतात? तांबड्या विंचवाला पेंढा काय अन् पाचट काय, सारखेच!

विंचू चावला की सगळ्यांचे लक्ष वेदनेकडे जाते. पण जीव जातो तो बहुधा हृदयामुळे. आपली विहिरीवरची मोटार आठवा. हृदय ही मोटार, रक्तवाहिन्या ही पाइपलाइन. विषामुळे अंगातील ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये एकदम सुटतात. मोटार भरधाव पळते आणि त्याच वेळी पुढचे व्हॉल्व आवळले जातात. मग मोटार थकते, पाणी मागे फुप्फुसात तुंबते, माणसाला धाप लागते.

आता औषधांचे बघा. लघवीची गोळी अंगातले जादा पाणी काढते. बीटा-ब्लॉकर मोटारीचा वेग कमी करते. डिजॉक्सिन ठोक्याचा जोर वाढवते. बांधावरच्या पिवळ्या कण्हेरीच्या बीत याच जातीचे जहर असते, म्हणून मात्रा चुकली की घात. प्राझोसिन मात्र आवळलेले व्हॉल्व सैल करते. यांतली कुठलीही गोळी हृदयरोग्याच्या घरात सापडेल, पण काम प्रत्येकीचे निराळे. विंचवाच्या दंशात बीटा-ब्लॉकर दिली, तर व्हॉल्व बंदच आणि वर मोटारही मंद!

हे आपल्याच महाराष्ट्रात ध्यानात आले. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. त्यांची निरीक्षणे १९८२ साली इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली, प्राझोसिनचा अनुभव १९८६ साली. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा तीसपर्यंत दगावत. ते प्रमाण शेकडा चारच्याही खाली आले. प्राझोसिनला विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण लवकर सावरतो, हेही त्यांनी २०११ साली दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

प्रत्येक दंश जीवघेणा नसतो. पण दरदरून घाम, ओकारी, हातपाय गार, धाप यांपैकी काही दिसले, तर वेदना कमी आहे म्हणून थांबू नका. लहान मुलाला तर लक्षणांची वाट न पाहता न्या. मंत्र नको, चिरा नको, शेजाऱ्याची हृदयाची गोळी तर मुळीच नको. प्राझोसिनही डॉक्टरांच्याच हातून. रक्तदाब एकदम उतरू शकतो.

टोळीची पोरे कोपीत जमिनीवर निजतात, हे विसरू नका. रात्री कुणी हाक मारली तर उसाची गाडी सकाळी काट्यावर जाईल. पोर आधी दवाखान्यात पोचवा.