पद्मिनीची ठिणगी: सीबी पॉइंट की सेन्सर?

मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी मात्र अजून धावतात. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून आलेली ही १०८९ सीसीची गाडी दादरला असो की बदलापूर पश्चिमेच्या मांजर्लीत, तिच्या मालकाला एक प्रश्न कधीतरी सोडवावाच लागतो. डेल्कोतले (डिस्ट्रिब्युटरमधले) सीबी पॉइंट, म्हणजे कॉन्टॅक्ट ब्रेकर, तसेच ठेवायचे, की काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं?

पॉइंट म्हणजे उघडझाप करणारा साधा स्विच. ही रचना चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आणली आणि पुढची साठ वर्षं जगभरच्या गाड्या तिच्यावर चालल्या. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा बॅटरीचा तीन-चार अँपिअर प्रवाह कॉइलमधून वाहतो आणि तिथे चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कॅम फिरून पॉइंट उघडले की ते क्षेत्र एकदम कोसळतं आणि कॉइलच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब उभा राहतो. तोच प्लगवर ठिणगी पाडतो. कंडेन्सरचं काम इथेच असतं. पॉइंट उघडताना प्रवाह फटीतून उडी मारू पाहतो, त्याला कंडेन्सर सामावून घेतो. तो बाद झाला की पॉइंट जळतात आणि ठिणगी मरगळते.

चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं तेव्हा सेकंदाला १०० ठिणग्या लागतात, म्हणजे तासाला ३ लाख ६० हजार वेळा पॉइंट उघडतात. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजते, अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी असलेली फट आणखी कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडतं. पिकअप जातो, पेट्रोल जास्त लागतं, इंजिन तापतं. हे इतकं हळूहळू होतं की मालकाला त्या बिघडलेल्या चालीचीच सवय होते.

इलेक्ट्रॉनिक किटमध्ये शाफ्टवर चुंबकाचं कडं बसतं आणि शेजारी सेन्सर. एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो. चुंबक समोरून गेला की सेन्सरला कळतं आणि ट्रान्झिस्टर कॉइलचा प्रवाह तोडतो. घासायला काहीच नसल्याने टायमिंग महिनोन्‌महिने जागचं हलत नाही. खरा फायदा एवढाच आहे आणि तो मोठा आहे. कॉइल जुनीच ठेवून ठिणगी कित्येक पट जोरदार होते, हा दावा मात्र मानू नये. नुकत्याच नीट लावलेल्या पॉइंटच्या तुलनेत ॲव्हरेजमध्येही फारसा फरक पडत नाही.

पावसाळ्याचा मुद्दा नेहमी चुकीच्या जागी मांडला जातो. उल्हास नदीच्या खोऱ्यातल्या दमट हवेत सकाळी गाडी सुरू झाली नाही की दोष पॉइंटला लागतो. पण ओल डेल्कोच्या झाकणात आणि प्लगच्या जुन्या वायरींवर धरते, आणि ठिणगी प्लगपर्यंत न पोहोचता झाकणाच्या तड्यातून बॉडीत उतरते. इलेक्ट्रॉनिक किट लावलं तरी झाकण, रोटर, वायरी त्याच राहतात. म्हणून पहिला पैसा तिथे घालावा. चार-चार महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. तिच्या पॉइंटवर ऑक्साइडचा थर चढतो आणि प्रवाहच अडतो. सेन्सरला ही अडचण नाही.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. पॉइंट बहुधा आधी कुरकुरतात, मग बंद पडतात. बारवी धरणावरून मुरबाडमार्गे माळशेज चढताना गाडी अडली तर पॉलिश पेपर आणि फीलर गेज एवढ्यावर घरी परतता येतं. किटमधला सेन्सर-ट्रान्झिस्टरचा मॉड्यूल मात्र सूचना न देता मरतो आणि रस्त्यात दुरुस्त होत नाही. बॅटरीच्या वायरी उलट लागल्या, इंजिन बंद असताना चावी चालू राहिली, डायनॅमोच्या रेग्युलेटरने व्होल्टेज चढवलं, किंवा मॉड्यूलला झेपते त्याहून कमी ओहमची कॉइल लावली, तर तो जळू शकतो.

माझं मत असं: गाडी नियमित चालते आणि मालक स्वतः फट लावू शकतो, तर पॉइंट ठेवावेत, फक्त कंडेन्सर चांगला घ्यावा. महिन्यातून एखाद्या रविवारीच बाहेर पडणाऱ्या गाडीला सेन्सर बरा. मात्र पॉइंट-कंडेन्सर बसवलेली जुनी प्लेट तयार ठेवून डिकीत टाकावी. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये आणलेल्या व्हिंटेज नोंदणीत गाडी मूळ रूपात असावी लागते. झाकणाखाली मावणारं आणि काही न कापता परत काढता येणारं किटच त्यासाठी निवडावं. ते बसवल्यावर डेल्को जुन्या खुणेवर सोडू नये. सेन्सर पॉइंटपेक्षा वेगळ्या कोनावर ठिणगी सोडू शकतो, म्हणून टायमिंग लाइट धरून खूण नव्याने जुळवावी आणि मगच क्लॅम्प आवळावा.