नारू, जठररस आणि परळचा एक अहवाल

लिंबागणेश हे बीड तालुक्यातले गाव. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे निघाले की वाटेवर लागते. भालचंद्र गणपतीमुळे भाविकांना ते ठाऊक असते. या साऱ्या पट्ट्याच्या पोटात काळा पाषाण आहे आणि पाऊस बेभरवशाचा. त्यामुळे पाणी म्हटले की इथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी विहीर येते, नदी नंतर. बीड शहरालगतची १५८२ सालची खजाना विहीर आपले पाणी भुयारी नळांतून शेतांकडे पाठवते. तशी सोय फार थोड्यांच्या नशिबी आली. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत पाणी आणायचे म्हणजे बारवेच्या पायऱ्या उतरायच्या. घागर बुडण्याआधी तिथे पाऊल बुडायचे.

त्या बुडालेल्या पावलावर एका जंताचा संसार शतकानुशतके चालला.

नारू म्हणजे काय, हे साठी ओलांडलेल्या वाचकाला सांगायला नको. घोट्यावर किंवा पोटरीवर फोड यायचा, आग व्हायची, फोड फुटला की पांढरा दोरा दिसायचा. तो काडीला गुंडाळून रोज इंच-दोन इंच ओढायचा. मधेच तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळायचा, आणि हे दुखणे नेमके शेतीच्या हंगामात गाठायचे. ‘भावप्रकाशा’त या विकाराला स्नायुक म्हटले आहे, कारण दोरा स्नायूसारखा दिसतो. तरुण डॉक्टरांनी मात्र तो फक्त पुस्तकात पाहिलेला असतो, किंवा एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या संग्रहालयात, फॉर्मेलिनच्या बरणीत वेटोळे करून ठेवलेला.

बरणीतला तो दोरा म्हणजे मादी. लांबी साठ सेंटिमीटरपासून मीटरभरापर्यंत. तिच्या शरीरात गर्भाशय सोडून दुसरे काही उरलेलेच नसते आणि त्यात लाखो अळ्या असतात. नर जेमतेम दोन-चार सेंटिमीटरचा, समागमानंतर शरीरातच मरून जाणारा. मादी वर्षभर त्वचेखालच्या ऊतींमधून सरकत राहते आणि माणसाला तिचा पत्ता लागत नाही. बाहेर पडायची वेळ झाली की त्वचेखाली दाह होऊन फोड उठतो. आग शमवायला माणूस पाय गार पाण्यात सोडतो, गारवा लागताच मादीचे अंग आकसते आणि अळ्यांचा दुधट लोट पाण्यात जातो. यजमानाला होणारी वेदनाच त्याला पाण्याकडे नेते. परजीवींच्या साऱ्या अभ्यासात इतकी घट्ट विणलेली दुसरी साखळी शोधूनही सहज सापडणार नाही.

अळ्या पाण्यात गेल्या, इथवर सगळ्यांना दिसत होते. त्या परत माणसात कशा शिरतात, यावर मात्र एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता आणि त्यातला एक पक्ष मुंबईतूनच लढवला जात होता. हेन्री जॉन कार्टर हे ईस्ट इंडिया कंपनीचे सर्जन. मुंबईच्या तळ्यांतले पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना बारीक जंत सापडले. हेच पोहणाऱ्याच्या कातडीतून आत घुसतात आणि नारू होतात, असे त्यांचे मत बनले. एका शाळेतली पन्नास मुले एका तळ्यात आंघोळ करत, त्यांतल्या एकवीस जणांना वर्षभरात नारू झाला, असा दाखला त्यांनी दिला. आकडा बिनतोड वाटतो. पण जो त्या तळ्यात डुंबतो तो तिथले पाणीही पितो, ही शक्यता त्या दाखल्यात मोजलेली नव्हती. कार्टर हलक्या दर्जाचे निरीक्षक नव्हते, पुढे रॉयल सोसायटीचे फेलो झाले. तरीही त्यांचा ‘तळ्यातला जंत’ हा नारूशी काहीही संबंध नसलेला, पाण्यात स्वतंत्र जगणारा प्राणी निघाला.

दुसरा पक्ष मध्य आशियातून आला. अलेक्सेई फेडचेंको या रशियन तरुणाने १८७० साली तुर्केस्तानात पाहिले की नारूच्या अळ्या सायक्लॉप्स नावाच्या, टाचणीच्या टोकाएवढ्या जलचराच्या पोटात जातात आणि तिथे कात टाकून वाढतात. मराठीत पुढे आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकांनी याच प्राण्याला पाणपिसू केले. फेडचेंकोने असे बाधित सायक्लॉप्स जनावरांना खाऊ घातले, पण नारू काही उपजला नाही. १८७३ साली, तिशीही गाठलेली नसताना, तो माँ ब्लाँच्या बर्फात गारठून मेला. त्याचे म्हणणे तीस वर्षे अधांतरी राहिले.

मग आला एक साधा रासायनिक प्रयोग. आज रेण्वीय जीवशास्त्राच्या भाषेत बोलणाऱ्या कोणीही त्याच्यापुढे आदराने थांबावे असा. १९०५ साली रॉबर्ट लायपर यांना गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात, नारूच्या अभ्यासासाठी पाठवले होते. त्यांनी अळ्या असलेले सायक्लॉप्स घेतले आणि ०.२ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात टाकले. मानवी जठरातल्या आम्लाशी मिळतीजुळती ही तीव्रता. सायक्लॉप्स तत्काळ मेले. पण त्यांच्या पोटातल्या, तोवर सुस्त पडलेल्या अळ्या एकदम वळवळू लागल्या आणि मेलेल्या कवचातून बाहेर पडल्या. जे आम्ल बहुतेक आगंतुकांना मारते, तेच या जंताला आत घेते. लायपरनी पुढे एका माकडाला केळ्यातून बाधित सायक्लॉप्स खाऊ घातले आणि सहा महिन्यांनी त्याच्या शरीरात अर्धवट वाढलेल्या माद्या आणि दोन नर शोधून काढले.

तरीही ते माकड होते. माणसातही असेच घडते, हे कोणीतरी दाखवायला हवे होते.

ते दाखवले परळमध्ये. मुंबईच्या गव्हर्नरांचे जुने निवासस्थान १८९९ साली हाफकिन यांच्या प्लेग प्रयोगशाळेला मिळाले. १९०६ पासून तिचे नाव बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी झाले आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. उंदीर, पिसू आणि प्लेग यांचे नाते उलगडणारे ग्लेन लिस्टन तिथे होते, आणि त्यांच्यासोबत डॉ. डी. ए. तर्खड. इंग्रजी लिपीत हे आडनाव अशा रीतीने लिहिले गेले आहे की मराठी वाचक ते ‘टर्खुड’ असे वाचून पुढे जातो. नारूवरच्या परदेशी ग्रंथांत ते सहज भेटते, मराठीतल्या विज्ञानाच्या इतिहासात जवळजवळ भेटतच नाही.

प्रयोगशाळेच्या १९१३ सालच्या वार्षिक अहवालात तर्खडांचे काम नोंदलेले आहे. तेही एखाद्या स्वतंत्र ग्रंथात नव्हे, तर सरकारी अहवालाच्या मोजक्या पानांत, लसींच्या आणि नमुन्यांच्या हिशेबांबरोबर. त्यांनी बाधित सायक्लॉप्स माणसांना पाजले. मग वाट पाहिली. नारूला दहा ते चौदा महिने लागतात, म्हणून हा प्रयोग एका ऋतूत उरकणारा नव्हता. सुमारे वर्षाने नारू बाहेर आला. कार्टर यांचा कातडीचा सिद्धान्त त्या दिवशी संपला. नारू पाण्यात उतरल्याने होत नाही, ते पाणी पिण्याने होतो, याचा माणसावरचा पुरावा मुंबईतून जगाला मिळाला.

या प्रयोगाकडे आज पाहताना मन दुभंगते. ग्रंथ तर्खडांचे नाव देतात, ज्यांनी ते पाणी प्यायले त्यांची देत नाहीत. त्यांना किती समजावून सांगितले होते आणि नकार द्यायची मुभा कितपत होती, हे प्रश्न त्या काळच्या अहवालाच्या चौकटीत बसत नव्हते. नारू होणे म्हणजे काही आठवडे ते काही महिने असह्य दुखणे, हे प्रयोग करणाऱ्याला आणि करून घेणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असणार. त्या अनाम माणसांचे ऋण तर्खडांच्या ऋणाइतकेच मोठे आहे.

त्या वर्षांत मुंबईतल्या विहिरींवर वेगळेच वादळ घोंघावत होते. चार्ल्स बेंटली यांच्या १९११च्या मलेरिया अहवालाने घराघरांतल्या विहिरी डासांचे माहेर ठरवल्या, महापालिका त्या बुजवू किंवा झाकू पाहत होती आणि पारशी समाजासह अनेकांनी धर्मभावनेपोटी विरोध मांडला होता. एकाच पाण्यात दोन परजीवींची बिऱ्हाडे होती. एकाचा वाहक पाण्यावर जन्मून उडून जाणारा, दुसऱ्याचा पाण्यातच राहून घोटाबरोबर पोटात जाणारा.

साखळी कळली की औषध सापडेल, अशी आशा साहजिक होती. नारूच्या बाबतीत ती फळली नाही. त्याचे शरीरशास्त्रही चमत्कारिक. १९५० साली अर्नेस्ट बुएडिंग आणि ऑलिव्हर-गोन्झालेझ यांनी नारूच्या अमेरिकेतल्या भावकीतल्या, रॅकूनमध्ये राहणाऱ्या जंताचा चयापचय तपासला. ऑक्सिजन असो वा नसो, तो ग्लुकोजचे लॅक्टिक आम्लच करत राहतो, असे त्यांना आढळले. धावणाऱ्याच्या पोटऱ्यांत दम लागल्यावर जे घडते, ते या जंताच्या शरीरात ऑक्सिजन मिळत असतानाही घडते. असा सजीव एखाद्या विकरावर घाव घालून मारता येईल, असे वाटणे स्वाभाविक होते. निरिडाझोल, थायाबेंडाझोल, मेट्रोनिडाझोल अशी औषधे येऊन गेली. त्यांनी सूज उतरली, दोरा ओढायला सोपा झाला, जंत मात्र मेला नाही. नारूवर आजही गुणकारी औषध नाही, लसही नाही. एकदा होऊन गेल्याने संरक्षणही मिळत नाही. तोच माणूस दर वर्षी पुन्हा धरला जायचा.

मग घाव बसला तो सायक्लॉप्सवर. टेमेफॉस हे सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशक लिटरमागे एक मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत पाण्यात टाकतात. ते सायक्लॉप्सच्या चेतासंस्थेतले अॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर अडवते. त्या विकराचे काम म्हणजे चेतातंतूंनी सोडलेला संदेश पोहोचताच पुसून टाकणे. पुसणारा थांबला की संदेश वाजतच राहतो आणि इवलासा जीव झटके येऊन मरतो. एवढ्या मात्रेने पिणाऱ्या माणसाला किंवा माशाला अपाय होत नाही. ज्याचा जीवरसायनशास्त्राशी काही संबंध नाही असा उपायही तितकाच नेटका होता: घागरीच्या तोंडाला दुहेरी फडके. सायक्लॉप्स उघड्या डोळ्यांनी दिसण्याच्या सीमेवरचा, कापडातून न जाणारा. पाणी गाळून प्यायची सवय असलेली घरे तर्खडांचे नाव न ऐकताही वाचली.

पण मराठवाड्याच्या बाजूने सांगायचे तर नारूच्या कथेत सर्वांत मोठे पात्र हापसा आहे, आणि तो आपला आहे. बोअरच्या पाण्यात सायक्लॉप्स नसतो आणि त्यात कोणाचे पाऊलही बुडत नाही. पण गावोगावी लावलेले ओतीव लोखंडाचे जुने पंप दिवसभराच्या माऱ्याने वर्ष-सहा महिन्यांत मोडत. १९७०च्या सुमारास जालन्यात, ख्रिस्ती मिशनच्या पाणीपुरवठ्याच्या कामातून, या मोडणाऱ्या पंपाला पर्याय घडवला गेला. तो जालना पंप. त्यात सुधारणा होऊन सोलापूर पंप झाला आणि सोलापूर पंपाच्या पायावर युनिसेफ आणि भारतीय कारखान्यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडिया मार्क टू उभा केला, जो पुढे आशिया-आफ्रिकेत लाखोंनी बसला. बीड जिल्ह्यातल्या वाडीवस्तीवर ज्याच्या दांड्याला मुले लोंबकळली, तोच हा हापसा. जालन्याच्या त्या कामाची कथा शाळेच्या पुस्तकात हवी होती.

राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. १९८४ साली महाराष्ट्रासह सात राज्यांत, ८९ जिल्ह्यांत मिळून सुमारे ४० हजार रुग्ण मोजले गेले. घरोघर शोध, टेमेफॉस, गाळणी, पायऱ्यांच्या विहिरींचे कठडा बांधून आडात रूपांतर, हापसे. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त जाहीर केले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. २०१० साली चाड देशात, दहा वर्षे शांततेत गेल्यावर, नारू पुन्हा दिसला. २०१२ पासून तो कुत्र्यांतही सापडू लागला, आणि पुढे कुत्र्यांची संख्या माणसांच्या कितीतरी पट झाली. हा तोच जंत की कुत्र्यांचा वेगळा? बाहेरून पाहून सांगणे अवघड, कारण माद्या सारख्याच दिसतात. उत्तर डीएनएने दिले. नारूची जनुकीय संहिता सुमारे दहा कोटी अक्षरांची, माणसाच्या तुलनेत तीसपट लहान. आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या देशांतले माणसांतले आणि जनावरांतले जंत वाचून २०२० साली संशोधकांनी दाखवले की फरक पडतो तो प्रदेशागणिक, यजमानागणिक नाही. चाडमधल्या माणसाचा आणि कुत्र्याचा नारू एकाच गोतावळ्यातला.

जगाला याचे आश्चर्य वाटले. पण १९३०च्या दशकात म्हैसूर संस्थानातल्या चित्रदुर्ग जिल्ह्यात व्ही. एन. मूर्ती हेच सांगत होते. सायक्लॉप्स खाणारे मासे पायऱ्यांच्या विहिरींत सोडून नारू रोखता येतो, हे त्यांनी डब्ल्यू. सी. स्वीट यांच्यासोबत १९३६ मध्ये मांडले. त्याच दशकात त्यांनी माणसाच्या नारूच्या अळ्यांनी कुत्री बाधित करून दाखवली. आपल्या गावागावांत कुत्री तेव्हाही बारवेवर पाणी पीत होती, तरी माणसांतला नारू आटल्यावर इथे तो उरला नाही. चाडमध्ये मात्र तो कुत्र्यांत तग धरून आहे. मासे साफ करताना फेकलेली आतडी त्यांच्या तोंडी लागत असावीत, असा संशोधकांचा एक कयास आहे.

१९८६ मध्ये जगात अंदाजे ३५ लाख माणसांना नारू होत असे. २०२३ मध्ये चौदा जणांना झाला. जनावरांतले त्याच वर्षीचे रुग्ण मात्र शेकड्यांत आहेत. म्हणून चाडच्या खेड्यांत आज कुत्री बांधून ठेवतात, त्यांच्या अंगातून निघणारा प्रत्येक दोरा मद्यार्कात बुडवून डीएनएसाठी पाठवतात. फॉर्मेलिनमध्ये ठेवला तर डीएनएचे धागे एकमेकांत अडकून वाचेनासे होतात. आपल्या महाविद्यालयांच्या बरण्यांतले नारू बहुतेक करून तसेच ठेवलेले आहेत.