सहा चर्च, एक घर : नागपूरची १९७० ची गोष्ट



डिसेंबरात नाताळ आला की शाळेत फलक लेखन होतं, मुलं तारा बनवतात. "ख्रिश्चन लोक चर्चमध्ये जातात" हे वाक्य प्रत्येक वहीत असतं. पण ख्रिस्ती धर्मात अनेक पंथ आहेत आणि त्यांची मतं वेगवेगळी आहेत, हे आपण सहसा सांगत नाही. त्यातलीच एक मोठी गोष्ट आपल्या कन्हानपासून जवळच, नागपूरला घडली.

काय घडलं?

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्च एकत्र आले आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं. यात अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल यांचं आधीच एक झालेलं चर्च होतं, शिवाय बॅप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट होते. बोलणी सुरू झाली होती १९२९ मध्ये. म्हणजे चाळीस वर्षं चर्चा!

इतका वेळ का लागला?

मतभेद खरे होते, म्हणून. बाप्तिस्म्याचंच बघा. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन लहान बाळालाही बाप्तिस्मा देतात. त्यांचं म्हणणं, देवाची कृपा आधी येते, समज नंतर. बाळ आपल्या घराचं होतं, तसंच ते देवाच्या घराचंही होतं. बॅप्टिस्ट म्हणतात, विश्वास ही ज्याची त्याने ठरवायची गोष्ट आहे, म्हणून समज आल्यावर त्याने स्वतः मागावा तेव्हाच बाप्तिस्मा. दोघेही बायबलचाच आधार देतात.

कारभाराचंही तसंच. कुठे बिशप प्रमुख, कुठे निवडलेले वडील, तर कुठे स्थानिक मंडळीच सगळं ठरवणार.

मग मार्ग कसा निघाला?

मतदान घेऊन एकाला जिंकवलं नाही. बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती मान्य केल्या. बाळाचा बाप्तिस्मा झाला असेल, तर मोठेपणी त्याने आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने सांगायचा. ज्यांना थांबायचं आहे, त्यांनी बाळाला प्रार्थनेने देवाला अर्पण करायचं आणि बाप्तिस्मा नंतर घ्यायचा. म्हणजे दोन्हीकडे देवाची कृपाही आली आणि माणसाचा निर्णयही आला. कारभारात बिशप ठेवले, पण निर्णयात मंडळींच्या प्रतिनिधींनाही जागा दिली.

सगळेच आले असं मात्र नाही. अमेरिकन परंपरेचं मेथॉडिस्ट चर्च चर्चेत होतं, पण १९७० मध्येच त्यांनी सामील न होण्याचं ठरवलं. रोमन कॅथलिक तर या योजनेत नव्हतेच. मुलांना हेही सांगावं. समोरच्याचं ऐकून घेतलं की तो आपल्यात येईलच असं नसतं; तरी ऐकणं वाया जात नाही.

वर्गात काय करता येईल?

इथे आपल्याला कोणत्याही धर्माचा प्रचार करायचा नाही. शिकायची आहे ती रीत. चौथी-पाचवीत हा उपक्रम घेऊन बघा :

१. "सुट्टीत गृहपाठ असावा का?" असा प्रश्न द्या, दोन गट करा.
२. आपलं मत मांडण्याआधी प्रत्येक गटाने समोरच्या गटाचं मत सांगायचं.
३. समोरचे "हो, आम्हाला हेच म्हणायचंय" म्हणाले, तरच पुढे बोलायचं.
४. शेवटी प्रत्येकाने लिहायचं : समोरच्याच्या म्हणण्यातली मला पटलेली एक गोष्ट.

तिसरी पायरी मुलांना सर्वात जड जाते. खरं सांगायचं तर आपल्या स्टाफरूममध्ये आणि घरातही तीच जड जाते. पालकांनो, जेवताना मूल "पण मला असं वाटत नाही" म्हणालं, तर लगेच गप्प करू नका. "तुला काय वाटतं, नीट सांग बरं" एवढं विचारा. घरात ज्याचं कोणी ऐकून घेतं, तेच मूल उद्या वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या मताच्या मित्राचं शांतपणे ऐकून घेईल.