एका घाटाचे बारा महिने

मे महिन्याच्या अखेरीस काशीच्या दशाश्वमेध घाटावर उभे राहिले, तर गंगा पुष्कळ खाली, पायऱ्यांच्या तळाशी संथपणे वाहताना दिसते आणि पलीकडे पांढऱ्या वाळूचे विस्तीर्ण मैदान पसरलेले असते. ऑगस्टच्या अखेरीस तेथेच गेल्यास वाळूचे मैदान नाहीसे झालेले आढळते. पूर मोठा असला तर घाटाच्या बहुतेक पायऱ्या पाण्याखाली जातात आणि संध्याकाळची आरती जवळच्या इमारतीच्या गच्चीवर करावी लागते. ही दोन छायाचित्रे तारखेवाचून शेजारी ठेवली, तर अपरिचित मनुष्य पहिल्यावरून ‘नदी आटली’ असे म्हणेल आणि दुसऱ्यावरून ‘प्रलय आला’ असे. वस्तुतः दोन्ही चित्रे एकाच वर्षाची असू शकतात.

आवडत्या नदीकाठी पुनःपुन्हा जाऊन छायाचित्रे घेण्याच्या छंदाचे शास्त्रीय मोल येथेच आहे. ऋतूमुळे होणारा फेर आणि नदीत खरोखर घडलेला बदल हे एकमेकांपासून वेगळे करावयाचे असतील, तर मेची तुलना मेशी आणि ऑगस्टची ऑगस्टशीच झाली पाहिजे. उन्हाळ्यातील एकच चित्र दाखवून नदीच्या मरणाची वार्ता देणारे जितकी घाई करतात, तितकीच पावसाळ्यातील एकच चित्र दाखवून नदी सुखरूप असल्याचे सांगणारेही करतात.

काशीचा घाट अशा निरीक्षणास फार सोयीचा आहे. येथे गंगा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि शहरापाशी चंद्रकोरीसारखे वळण घेते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला प्रवाहाचा वेग अधिक असल्याने तो काठ एरवी खचत गेला असता; परंतु पश्चिमेचा हा उंच काठ कंकरयुक्त चिकणमातीचा असल्यामुळे टिकून राहिला आहे. आतल्या अंगाला वेग मंदावतो, वाळू खाली बसते आणि तेच पूर्वेचे मैदान होय. दरवर्षी पुराचे पाणी ते नव्याने रचते. २०२१ साली या वाळूत मुद्दाम खणलेला कालवा त्याच पावसाळ्यातील पुराने भरून टाकला.

दुसरी सोय म्हणजे पायऱ्या. काशीतील कित्येक घाट मराठी सत्ताधीशांनी बांधविले. अहिल्याबाई, भोसले, शिंदे ही घाटांची नावेच त्याची साक्ष देतात. त्यांच्या मनात भाविकांची सोय होती. छायाचित्रकाराच्या हाती मात्र आयती मोजपट्टी आली आहे. एका पायरीची उंची एकदा मोजून ठेवावी आणि चित्रात उघड्या दिसणाऱ्या पायऱ्या मोजाव्यात. त्यावरून पाणी किती चढले वा उतरले, हे बऱ्याच अचूकपणे सांगता येते. काशीत गंगेची धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७१.२६ मीटर ठरविलेली आहे. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. उन्हाळ्यातील पातळीहून मोठ्या पुराची पातळी दहा मीटरपेक्षाही अधिक उंच असते.

मात्र मोजमाप खरे ठरावयाचे, तर कॅमेरा दर वेळी नेमक्या त्याच जागी हवा. ‘साधारण येथेच उभे होतो’ एवढ्याने भागत नाही. याकरिता एक साधी युक्ती आहे. जवळची एक वस्तू आणि दूरची एक वस्तू अशा निवडाव्यात की त्या एका रेषेत दिसतील; उदाहरणार्थ, बुरुजाचा कोपरा आणि त्यामागे दूरवर दिसणारा पुलाचा खांब. छायाचित्रकार दोन पावले बाजूला सरकला की ही रेषा मोडते. अशा दोन जोड्या दोन निरनिराळ्या दिशांना साधल्या, म्हणजे जागा पक्की होते. जमिनीपासूनची उंची आणि भिंग हीही तीच ठेवावीत. वेळही तीच असावी. पण ती सूर्योदयाची नसावी. काशीला सूर्य डिसेंबरात पूर्वेच्या सुमारे २६ अंश दक्षिणेला उगवतो, तर जूनमध्ये तितकाच उत्तरेला. म्हणजे क्षितिजावर त्याची जागा वर्षातून सुमारे ५२ अंशांनी हलते. शिवाय सूर्याकडे तोंड करून घेतलेल्या चित्रात पायऱ्या काळ्याठिक्कर पडतात. असे चित्र मनोहर असेल. मोजमापाला ते निरुपयोगी होय.

बारा चित्रे ओळीने मांडली, की पाण्याचा रंगही बोलू लागतो. पावसाळ्यात वेगवान प्रवाह गाळाचे कण तरंगते ठेवतो, म्हणून पाणी मातकट दिसते. पूर ओसरल्यावर हाच गाळ पायऱ्यांवर जाड थराने उरतो आणि पंपांच्या पाण्याने धुऊन काढावा लागतो. हिवाळ्यात वेग मंदावून कण तळाशी बसतात व पाण्यावर हिरवट छटा येते. उत्तरेकडून आलेले कुरव पक्षी नावांभोवती घिरट्या घालू लागतात. डिसेंबर-जानेवारीतील काही चित्रांत तर नदी दिसतच नाही. निरभ्र, निवांत रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतच्या दमट हवेतील बाष्प गोठणबिंदूपर्यंत न जाताही सूक्ष्म थेंबांत बदलते आणि धुके दाटते. अशी धुक्याची चित्रे फेकून देऊ नयेत. धुके कोणत्या दिवशी होते, हीही नोंदच आहे. उन्हाळ्यातील बारीक प्रवाह पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हरिद्वारहून १८५४ साली सुरू झालेला गंगा कालवा व त्यानंतरचे कालवे वरच्या अंगालाच पुष्कळ पाणी काढून घेतात. मेमधील पायऱ्या निसर्गाबरोबर माणसाचाही हिशेब मांडत असतात.

वर्षे साठत गेली, की चित्रांतून अनपेक्षित गोष्टी बाहेर पडतात. मणिकर्णिकेजवळ पाण्याच्या कडेला रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आहे. त्याचा गाभारा वर्षाचा बराच काळ पाण्याखाली असतो आणि मंदिर सुमारे ९ अंशांनी कललेले आहे. मातेचे ऋण फेडल्याचा गर्व बांधणाऱ्याला झाला आणि तिच्या शापाने मंदिर कलले, अशी दंतकथा आहे. परंतु १८६० च्या दशकातील छायाचित्रांत हेच मंदिर सरळ उभे दिसते. म्हणजे ते बांधतानाच कललेले नव्हते, पुढे केव्हातरी कलले. कललेपणा मोजण्यासाठी ती छायाचित्रे कोणीही घेतलेली नव्हती. ती जपली गेली, एवढेच.

अमेरिकेतील कोलोराडो नदीच्या महादरीत असेच घडले. रॉबर्ट स्टँटन या अभियंत्याने १८८९-९० मध्ये रेल्वेमार्गाच्या पाहणीसाठी तेथे शेकडो छायाचित्रे घेतली. रेल्वे झाली नाही. शंभर वर्षांनी रॉबर्ट वेब व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जागा हुडकून पुन्हा चित्रे घेतली. १९६३ साली वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरण झाल्यापासून मोठे पूर थांबले होते. जेथे पूर्वी पुराने धुतलेले उघडे काठ होते, तेथे नव्या चित्रांत झाडोरा दाटलेला दिसला.

शाळेजवळच्या नदीला घाट नसेल, तर पुलाचा खांब पुरे. त्यावर खुणा करण्याची गरज नाही. दगडांचे थर मोजता येतात. प्रत्येक चित्राबरोबर तारीख, वेळ, उभे राहण्याची जागा, दिशा आणि आदल्या दिवशी पाऊस पडला होता की नाही, एवढे वहीत लिहावे, आणि ती वही चित्रांसह ग्रंथालयाच्या कपाटात ठेवावी.