रेफरीला दिसलेली पाठ

३ मार्च २०२३ च्या रात्री बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या कट्ट्यावर एका रेफरीला जेवढ्या शिव्या पडल्या, तेवढ्या महापालिकेलाही कधी पडल्या नसतील. बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) बाद फेरीचा सामना होता. जादा वेळेतलं ९६ वं मिनिट. फ्री किक मिळताच बंगळुरूच्या सुनील छेत्रीनं, केरळ ब्लास्टर्सची भिंत उभी राहायच्या आत, चेंडू गोलात मारला. शिट्टी वाजलीच नव्हती, असं म्हणत केरळचा संघ मैदान सोडून निघून गेला. घाईच्या फ्री किकला शिट्टी लागत नाही; रेफरीनं आधी थांबायला सांगितलं असेल तरच लागते. सांगितलं होतं का, यावर कट्ट्यात जे दोन तट पडले ते अजून आहेत. फुटबॉल महासंघानं केरळच्या क्लबला ४ कोटींचा दंड केला, प्रशिक्षकाला १० सामने बाहेर बसवलं. ४ कोटींनी तोंडं बंद होतात. शंका तशीच राहते.

त्या रात्री एकच जण गप्प होता. कॉम्प्युटरच्या दुकानात प्रिंटर दुरुस्त करणारा आमचाच एक मराठी दोस्त, सुट्टीच्या दिवशी जिल्ह्यातल्या मॅचना रेफरी म्हणून उभा राहतो. उठताना एवढंच म्हणाला, “एका मॅचमध्ये १३७ निर्णय असतात. तुम्ही एकावर रात्र काढली.”

हा आकडा त्यानं कुठल्याशा वर्गात ऐकलेला. २००० च्या युरो स्पर्धेतले सामने तपासून संशोधकांनी तो काढला होता: रेफरीचे डोळ्यांना दिसतील असे निर्णय, सरासरी. शिट्टी न वाजवण्याचे निर्णय त्यात नाहीत. १३७ माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून एका रविवारी सकाळी त्याच्या मागोमाग मैदानावर गेलो.

नाणेफेक, जाळी तपासणं, घड्याळं जुळवणं पटापट उरकलं. त्याच्या बोटांच्या पेरांत टोनरची काळी रेघ होती, त्याच बोटांत शिट्टी अडकवलेली. मग तो जो पळायला लागला! रेफरी चेंडूमागे पळत नाही, मैदानाच्या कर्णावर तिरका पळतो, म्हणजे चेंडू त्याच्या आणि लाइन्समनच्या मधे राहतो. मोठ्या सामन्यात असा दहा-अकरा किलोमीटर पल्ला सहज होतो. फिफाच्या चाचणीत ७५ मीटर धाव आणि २५ मीटर चाल, असं ४० वेळा करावं लागतं. हे सगळं हा माणूस दुकान बंद झाल्यावर, रात्री जमेल तसं करतो.

पूर्वार्ध संपत आला असताना पेनल्टी बॉक्समध्ये पाहुण्यांचा विंगर आडवा झाला. “ओ रेफरी, चश्मा कराव!” कोच बाजूच्या रेषेवरून ओरडला. शिट्टी नाही. मध्यंतरात पाण्याची बाटली तोंडाला लावत आमच्या दोस्तानं लाइन्समनला विचारलं, “तुला काय दिसलं?”

“डिफेंडरची पाठ.”

“मलापण.”

दोन माणसं, दोन कोन, आणि दोघांनाही पाठ. तेव्हापासून टीव्हीवर मॅच बघताना ही पाठ मला आठवते. कॅमेऱ्याला ती आड येत नाही, दुसरा कॅमेरा असतो. पण २०१४ ला सुरू झालेल्या आयएसएलनं पहिली दहा वर्षं व्हीएआरविना, म्हणजे व्हिडिओवर निर्णय तपासायच्या सोयीविना, काढली. म्हणजे प्रेक्षकाला रिप्ले, रेफरीला पाठ.

आमच्या बडोद्याला खरं तर पंचांचं महत्त्व नवं नाही. हुतूतूचे, म्हणजे कबड्डीचे, नियम इथल्या हिंदविजय जिमखान्यानं १९२३ मध्येच छापले. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या शेजारी वाढलेली पोरं पंचाशी हुज्जत घालतच मोठी होतात. कबड्डीचं मैदान पुरुषांसाठी १३ बाय १०, तिथे एक रेफरी आणि दोन पंच. फुटबॉलचं १०५ बाय ६८, आणि आत धावणारा एकच. बाकी दोघं रेषेवरूनच बघतात. हे गणित कुणी मांडलं की तक्रारीतला अर्धा जीव जातो, निदान माझ्या तक्रारीतला तरी गेला.

उरलेला अर्धा जात नाही. मॅच संपल्यावर त्या कोचनं मोबाइलवरचं चित्रण पुढे केलं. आमचा दोस्त बघेना. “निकाल बदलणार नाही, मग बघून काय करू?” नियमाच्या दृष्टीनं त्याचं बरोबर होतं, पण मला ते आवडलं नाही. बघायला काय हरकत होती? त्या दिवशी त्याचं काम तपासायला कुणी असेसर आलेला नव्हता. १३७ पैकी किती चुकले, हे त्याला कुणी सांगणार नव्हतं, आणि जो सांगायला आला होता त्याच्याकडे त्यानं पाठ फिरवली.

त्यानं अहवालाचा कागद पुढे केला. कोचनं सही केली, स्वतःशीच काहीतरी पुटपुटला, आणि निघता निघता वळून म्हणाला, “साहेब, आवता रविवारे अंडर-१६ छे. आवशो ने? बीजो कोई रेफरी मळतो नथी.”

“रिक्षाभाडं आधी,” आमचा दोस्त म्हणाला. मराठीतच. कोचला बरोब्बर कळलं.