गिरकीचे गणित

एखादे जाड पुस्तक दोऱ्याने घट्ट बांधावे आणि गिरकी देऊन वर फेकावे. लांबीच्या अक्षाभोवती फिरविले, तर ते सुरळीत फिरते. जाडीच्या अक्षाभोवती फिरविले, तरीही तसेच. परंतु रुंदीच्या अक्षाभोवती फिरविले, की ते हवेतच कोलांटी घेते. फेकणाऱ्याचा हात कितीही सराईत असला, तरी ही कोलांटी टळत नाही.

या चमत्काराचे मूळ लेओनार्ड ऑयलर याने अठराव्या शतकात मांडलेल्या समीकरणांत आहे. गिरकीला होणारा विरोध, म्हणजे जडत्वाघूर्ण, पुस्तकाच्या तीन अक्षांभोवती निरनिराळे असते. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आघूर्णाच्या अक्षांभोवती फिरताना पडलेला किंचित फरक मर्यादेत राहतो. मधल्या अक्षाभोवती मात्र तो झपाट्याने वाढत जातो. १९८५ साली सोव्हिएत अंतराळवीर व्लादिमीर जानिबेकॉव्ह यांना ‘साल्यूत-७’ स्थानकात एक पंखाची चाकी अशाच कोलांट्या घेताना दिसली.

हीच गती संगणकावर उतरवावयाची, तर काळाचे अतिसूक्ष्म तुकडे पाडावे लागतात. प्रत्येक तुकड्यात समीकरणांवरून नवा कोनीय वेग काढावयाचा आणि त्या प्रमाणात वस्तू किंचित वळवावयाची. वस्तूची दिशा नोंदविण्यास हॅमिल्टनने १८४३ साली शोधलेली चार अंकांची राशी, क्वाटर्निअन, फार सोयीची पडते. बाहेरून कोणतेही बल पीळ देत नसेल, तर कोनीय संवेग आणि ऊर्जा या दोन्ही राशी अचल राहिल्या पाहिजेत. त्या सरकू लागल्या, तर आकडेमोडीत चूक शिरली असे समजावे.

परंतु आकडेमोड बिनचूक असूनही फसगत होऊ शकते. १९५८ च्या ३१ जानेवारीस अमेरिकेने ‘एक्स्प्लोरर-१’ हा आपला पहिला उपग्रह सोडला. सुमारे दोन मीटर लांब आणि जेमतेम १६ सेंटिमीटर जाड अशा या नळीने लांबीच्या अक्षाभोवती फिरत राहावे, अशी योजना होती. दृढ वस्तूच्या गणिताप्रमाणे ही गिरकी स्थिरच होती. प्रत्यक्षात थोड्याच अवधीत उपग्रह आडवा होऊन, फेकलेल्या काठीप्रमाणे टोकांवर गरगरू लागला. त्याच्या चार लवचिक आकाशक तारा हेलकावत होत्या आणि त्या हेलकाव्यांत ऊर्जा खर्ची पडत होती. संवेग तोच राहून ऊर्जा घटली, की वस्तू सर्वांत मोठ्या आघूर्णाच्या अक्षाकडे झुकते.

समीकरणे चुकली नव्हती. उपग्रह पूर्णतः दृढ आहे, हे गृहीतच चुकले होते. म्हणून पुढील उपग्रहांची आखणी करताना आकड्यांइतकीच त्या गृहीताचीही झडती घेतली जाऊ लागली.